कडेनं धरायची कार्डं

"कडेनं धर," सॅम्युअलकाका म्हणत. कागद कोणताही असो, एक्स-रेची फिल्म असो, पेशंटची फाइल असो की बसचं तिकीट, ते अंगठा आणि मधलं बोट दोन कडांना लावून तो उचलत. मधल्या भागाला बोट लागलेलं त्यांना खपत नसे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की घरी भाकरी उचलतानाही माझी बोटं कडेला जाऊ लागली. बायको हसायची.

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे आहेत, ते हे सॅम्युअलकाका. आडनाव लिहीत नाही. ते अलिबागकडच्या एका गावावरून पडलेलं होतं, आणि त्यांचा मुलगा अजून लंडनच्या एजवेअरला राहतो. काका बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. जन्म भायखळ्याचा. तरुणपणी वेल्समधल्या कार्डिफला आले आणि तिथल्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. हॉस्पिटलात सगळे त्यांना 'मिस्टर सॅम' म्हणत. त्यांचं मराठी देश सोडला त्या दिवशी जिथे होतं तिथेच थांबलेलं होतं. ते 'इस्पितळ' म्हणत, 'मोटार' म्हणत, आणि शुक्रवारी दुपारी कोट चढवताना 'आज दिवेलागणीच्या आत घर गाठलं पाहिजे' म्हणत. पत्नी वारलेली होती, पण ज्यूंच्या शब्बाथचे दिवे लावायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

मी पंच्याऐंशी साली कार्डिफला गेलो तो बायकोच्या मागून. ती तिथे नर्स होती. माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचं काम करत. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला. बी.एस्सी.चं प्रमाणपत्र हाती आलं तेव्हा वडिलांनी ते मला घरात ठेवू दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं सोलापूरला जाऊन त्यांनी त्याचं लॅमिनेशन करून आणलं. त्या वेळी आमच्याकडे ते नवीन होतं. गल्लीतले लोक येऊन त्या प्लास्टिकवर टिचकी मारून बघत होते. "आता पुरात वाहून गेलं तरी भिजायचं नाही," वडील म्हणाले होते.

कार्डिफमध्ये त्या पदवीला कुणी विचारलं नाही. मी तळघरातल्या रेकॉर्ड विभागात फाइली लावायला लागलो, काकांच्या हाताखाली. ते मला नावानं क्वचितच हाक मारत. "ग्रॅज्युएट, ती ट्रॉली आण." "ग्रॅज्युएट, शिडीवर चढ, माझे गुडघे गेले." सुरुवातीला मला ते झोंबायचं. पुढे कळलं की त्या तळघरात माझ्या पदवीची आठवण ठेवणारा तो एकच माणूस आहे.

त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. दुपारचं सँडविच खाऊन झालं की ते हात धुऊन येत, टॉवेलनं बोटं एकेक करून कोरडी करत आणि डबा उघडत. आत जुनी अमेरिकन बेसबॉलची कार्डं. एकेका खेळाडूचं चित्र, मागे बारीक अक्षरात त्याची माहिती. कुणाचा कोपरा दुमडलेला, कुणावर पेन्सिलीची रेघ, कुणाच्या मधोमध घडी. मी विचारलं, काका, तुम्हाला बेसबॉल आवडतं? ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?"

कार्डिफमध्ये उन्हाळ्यात मैदानांवर बेसबॉल खेळतात, ते तिथलं वेगळं, अमेरिकन खेळाहून निराळं. काका कधी तिकडे फिरकलेलेही मी पाहिले नाहीत. पण महिन्यातून एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या कार्डांचा बाजार भरे, तो मात्र त्यांनी चुकवला नाही. सिगारेटच्या पाकिटांतली क्रिकेटपटूंची कार्डं, चहाच्या पुड्यांतली पक्ष्यांची कार्डं, आणि एका कोपऱ्यात ब्रिस्टलहून येणारा एक जाडा विक्रेता, ज्याच्याकडे अमेरिकन माल असे. त्याची नामी खेळाडूंची कार्डं काचेखाली असत. काका काचेकडे बघतसुद्धा नसत. ते थेट टेबलाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्याशी, गुडघे विसरून, उकिडवे बसत. त्या खोक्यात कुणालाही नको असलेली, झिजलेली कार्डं. वीस पेन्सला एक.

काका हवं ते कार्ड कडेनं उचलत, उलटं करत आणि नाकाशी नेत. डोळे मिटून हुंगत. जाडा विक्रेता दर वेळी तेच म्हणे, "आम्ही चीज विकत नाही, मिस्टर सॅम." आजूबाजूचे हसत. काकाही हसत. एकदा त्यानं त्याच खेळाडूचं कोरं करकरीत कार्ड पुढे केलं, त्याच भावात देतो म्हणाला. काकांनी मान हलवली. त्यांना कोपरा दुमडलेलंच हवं होतं. तुम्हीही असे हट्टी जुने लोक पाहिले असतील. मला वाटलं, ओल लागली आहे की काय ते हुंगून बघत असतील. फाइलींचं आयुष्य ओलीत जातं, ही त्यांची नेहमीची तक्रार होती.

माझ्या पदवीचं प्रकरण त्यांनीच हातात घेतलं. मला प्रयोगशाळेत काम मिळावं म्हणून नोंदणी हवी होती, आणि नोंदणीसाठी मूळ प्रमाणपत्रावर शिक्का मारून हवा होता. प्लास्टिकवर शिक्का बसेना. अधिकाऱ्यानं ते दोनदा परत पाठवलं. मी काकांसमोर ते ठेवलं तेव्हा त्यांनी सवयीनं कडेनं उचललं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कुणी केलं हे?" मी म्हटलं, वडिलांनी. ते लगेच म्हणाले, "छान केलंय. जपलंय पोरानं मिळवलेलं."

दुपारच्या सुट्टीत कार्डांचा डबा बाजूला ठेवून त्यांनी टाइपरायटर पुढे ओढला. विद्यापीठाला पत्र, कॉलेजला पत्र, उत्तर नाही म्हणून आठवणीचं पत्र. सव्वा वर्ष हे चाललं. प्रत्येक पत्राखाली कार्बन. "प्रत ठेवलीस? प्रत नसेल तर पत्र लिहिलंच नाही असं समज." अखेर दुसरं प्रमाणपत्र आलं, साधा कागद, पोस्टात चुरगळलेला. त्यावर शिक्का बसला. आठवड्यातून एक दिवस मला कॉलेजला जायची सवलत त्यांनीच वरच्यांशी भांडून मिळवली, आणि तीन वर्षांनी मी तळघरातून तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेलो.

त्या दिवशी काकांनी घरी मलिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, वर केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी. नवस फेडायचा त्यांच्याकडे हाच प्रकार. हिब्रूतून प्रार्थना म्हणून झाल्यावर माझ्या हातावर वाटा ठेवत ते म्हणाले, "तुझा झाला. आता माझा एक राहिलाय." आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला कार्डांची गोष्ट सांगितली.

त्यांचा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना अमेरिकेतल्या मावशीकडून त्याला पार्सलं येत. त्यात बबलगमची पाकिटं, आणि पाकिटात गमच्या पट्टीबरोबर ही कार्डं. पोरगा गम चघळी आणि कार्डं जमवी. जेवताना खेळाडूंची नावं म्हणून दाखवी. साठ कार्डं झाली. त्यानं वहीच्या एका पानावर त्यांची यादी केली, नंबर घालून. मग अकराव्या वर्षीची परीक्षा आली. त्या परीक्षेवर चांगली शाळा मिळे. पोरगा नापास झाला. काका तेव्हा दोन पाळ्या करत होते. निकालाचा कागद वाचून त्यांनी कार्डांचा गठ्ठा उचलला आणि कोळशाच्या शेगडीत टाकला.

"रडला नाही तो," काका म्हणाले. "त्या दिवसापासून माझ्याशी मराठी बोलला नाही. यस डॅड, नो डॅड. बस."

मुलगा पुढे नीट मार्गी लागला, एजवेअरला स्वतःचं घर झालं, वर्षातून दोनदा फोन येई. भांडण असं काही नव्हतंच, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. वहीचं ते पान मात्र काकांना पत्नीच्या वस्तूंत सापडलं होतं, ती गेल्यावर. तेव्हापासून ते साठ कार्डं पुन्हा गोळा करत होते. पोराची जशी होती तशीच, चुरगळलेली, हाताळलेली. कोऱ्या कार्डांना त्यानं ओळखलं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. साठ पूर्ण झाली की त्याच्या हातात द्यायची, आणि मग मलिदा करायचा.

साठावं कार्ड त्यांना निवृत्तीच्या दोन महिने आधी मिळालं. तळघरात येऊन त्यांनी यादीवर शेवटची खूण केली. मला मुद्दाम तिसऱ्या मजल्यावरून बोलावून घेतलं होतं. घाईत खूण शेजारच्या नंबरवर गेली.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहायला जाणार होते. घर विकलं होतं, सामान हलवायला माणसं येणार होती. "हा डबा तेवढा तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "ही माणसं कुठेही फेकतील. निरोपाच्या दिवशी घेईन."

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला बरीच वर्षं लागली.

माझ्याकडे डबा आठ दिवस होता. मी रोज तो उघडून बघत होतो. कडा झिजलेल्या, पुठ्ठ्याचे पदर सुटायला आलेले. या माणसानं माझ्यासाठी काय केलं आणि मी त्यांना निरोपाला काय देणार, घड्याळ की पेन? आमच्या प्रयोगशाळेत कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं करायचं नवं मशीन आलं होतं. मौल्यवान कागद कसा जपायचा हे मी एकाच माणसाकडून शिकलो होतो, माझ्या वडिलांकडून. प्लास्टिकनं मला सव्वा वर्ष रखडवलं होतं हे मी विसरलो नव्हतो. पण ते शिक्क्यासाठी, अशी मी माझी समजूत घातली. या कार्डांवर कुणाला शिक्का मारायचा आहे?

बायको म्हणाली, "काकांना विचारलंस का?"

मी म्हटलं, विचारलं तर त्यात मजा काय राहिली?

दोन दुपारी मी मशीनपाशी उभा होतो. एकेक कार्ड कडेनं धरून प्लास्टिकच्या पाकिटात सरळ बसवलं आणि गरम रुळांमधून काढलं. साठच्या साठ. मग कडा कापून चारही कोपरे गोल केले, बोटाला लागू नयेत म्हणून. इतकं नीट काम मी परीक्षेतही केलं नव्हतं.

निरोपाचा चहा तळघरातच झाला. भाषणं झाली. मग मी डबा पुढे केला आणि सर्वांसमोर त्यांना उघडायला लावला. वरच्या दिव्यात कार्डं चकाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, किती सुंदर कल्पना. काकांनी वरचं कार्ड उचललं, उलटं केलं आणि नाकाशी नेलं. सगळे हसले, कारण ही त्यांची सवय सर्वांना माहीत होती. ते तसेच उभे राहिले, कार्ड नाकाशी धरून. मग त्यांनी ते परत डब्यात ठेवलं आणि म्हणाले, "थँक यू. व्हेरी काइंड." मराठीत काहीच बोलले नाहीत. यस डॅड, नो डॅड या शब्दांची मला तेव्हा आठवण झाली, पण का झाली ते कळलं नाही.

ते स्टेशनवर कळलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना लंडनच्या गाडीत बसवायला गेलो होतो. गाडीला वीस मिनिटं होती. मी न राहवून विचारलं, काका, तुम्हाला आवडलं नाही का?

त्यांनी डबा मांडीवर घेतला होता. "गमवर साखरेची पिठी असायची," ते म्हणाले. "तिचा वास कार्डाला लागायचा. इतक्या वर्षांनी फार थोडा राहतो, पण राहतो. घरभर असायचा तेव्हा. त्याला ही दाखवायची नव्हती रे. हुंगायला द्यायची होती."

मी तिथेच फलाटावर खिशातली छोटी कात्री काढली, एक कार्ड घेतलं, कडेला चीर दिली आणि प्लास्टिक सोलू लागलो. प्लास्टिकबरोबर खेळाडूचा चेहरा सुटून आला. हातात राखाडी पुठ्ठा राहिला.

"राहू दे," काका म्हणाले. "दुसरं नको घेऊस." मग माझ्याकडे बघून, जसे प्रमाणपत्राच्या वेळी म्हणाले होते तसेच म्हणाले, "छान केलंयस. जपलंयस." त्या पहिल्या वेळीही ते खरं बोलत नव्हते, हे मला त्या क्षणी समजलं.

ती कार्डं दोनदा उष्णतेनंच गेली. पहिल्यांदा शेगडीत, दुसऱ्यांदा माझ्या मशीनमध्ये. पहिल्या वेळी निदान राग होता.

दीड-दोन वर्षं मी त्यांना भेटायला गेलो नाही. कामाचं कारण सांगत राहिलो, मुख्यतः स्वतःला. मग प्रयोगशाळेच्या एका प्रशिक्षणासाठी लंडनला जावं लागलं, तेव्हा भुयारी रेल्वेनं शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलो. एजवेअरचं घर स्वच्छ, उबदार होतं. मुलगा चाळिशीचा, अगत्यशील माणूस. मी कुणी खलनायक बघायला मिळेल अशा तयारीनं गेलो होतो. तसा तो मुळीच नव्हता. त्यानं स्वतः चहा केला. टेबलावर कप ठेवण्याआधी प्रत्येक कपाखाली एकेक कार्ड सरकवलं.

माझी नजर गेलेली पाहून तो इंग्रजीत म्हणाला, फार उपयोगी आहेत ही, पुसली की स्वच्छ. डॅड म्हणतात माझ्याकडे लहानपणी अशी होती. मला काही आठवत नाही. मी बहुधा तिकिटं जमवायचो.

तो खरंच विसरला होता, की आठवायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, मला सांगता येणार नाही. वास असता तर त्याला आठवलं असतं का, तेही नाही. हे आता कधीच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

काका खिडकीपाशी बसले होते. खूप वाळले होते. त्यांनी आपला कप उचलला, खालचं कार्ड अंगठा आणि मधल्या बोटानं कडेला धरलं, त्यावरचं चहाचं वर्तुळ बाहीनं पुसलं आणि कार्ड चित्राची बाजू खाली करून ठेवलं. मग कप त्यावर ठेवला.

"कामाला आली बघ, ग्रॅज्युएट," ते म्हणाले.

मलिद्याचं नाव ना त्यांनी काढलं, ना मी.

कार्डिफला परतल्यावर महिनाभरानं मी त्यांना एक पत्र पाठवलं. ते तीन आठवड्यांनी परत आलं, न उघडता. पाकिटावर त्यांच्या सुनेनं नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं की मिस्टर सॅम्युअल वारले. मला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि का सुचावं? मी त्यांचा कोण होतो? पाकीट मी आजवर उघडलेलं नाही. उघडायची गरजही नाही, कारण त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी पत्राची प्रत ठेवली होती. ती ही:

*तीर्थरूप सॅम्युअलकाका यांना सादर नमस्कार.*

*सोबत एक कार्ड पाठवतो आहे. वहीतला एकेचाळीस नंबर. फलाटावर माझ्या हातून फाटला, तोच. परवाच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये टेबलाखालच्या खोक्यात मिळालं. त्या जाड्यानं तुमची चौकशी केली. कार्डाचा डावा कोपरा दुमडलेला आहे आणि मागे गमचा डाग आहे. मी हुंगून घेतलं. तो म्हणाला, आम्ही चीज विकत नाही.*

*वास आहे, काका. फार थोडा आहे, पण आहे. कार्ड कशातही घातलेलं नाही, नुसतं दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलं आहे. पाकीट आल्याबरोबर उघडा आणि त्याच्या हातात द्या. टेबलावर ठेवू नका.*

*उरलेली एकोणसाठ मी शोधायला लागलो आहे. हा एक नंबर लक्षात होता, पण वहीचं पान माझ्याकडे नाही, ते जमल्यास पाठवून द्या. वेळ लागेल, पण मी दर महिन्याला जाईन. मिळेल तसं एकेक पाठवत राहीन.*

*याची प्रत ठेवली आहे.*

*तुमचा,*
*ग्रॅज्युएट*